मुद्दाम ठेवलेली चूक

साळवे सरांना खोटं बोलता येत नसे, आणि तरीही दर रविवारी ते आम्हांला एक खोटी गोष्ट सांगत. पदार्थविज्ञानाच्या त्या प्राथमिक वर्गाची ती रीतच होती. शिकवता शिकवता कुठेतरी ते एक चूक मुद्दाम ठेवून देत आणि वर्ग संपण्याआधी ती आम्ही शोधून काढायची असे. चुकीचं वाक्य बोलताना ते हमखास फळ्याकडे तोंड करीत. "माझा चेहरा चहाडी करतो," असं त्यांचं म्हणणं होतं. आमच्याकडे पाठ फिरवून बोललेल्या वाक्यांवर म्हणून आम्ही विशेष नजर ठेवीत असू. सूत्रांचं मात्र तसं नव्हतं. लिहिताना माणसाचं तोंड फळ्याकडेच असतं, त्यामुळे लिहिलेली चूक शोधायची तर सूत्रच तपासावं लागे.

वर्ग भरे परळच्या एका वाचनालयाच्या माडीवर. खिडकीच्या उंचीवरूनच उड्डाणपूल गेलेला होता. बाकावर बसलं की गाड्यांची नुसती टपं दिसत, एकामागून एक सरकणारी, आणि सर गतीविषयी बोलत असले की ती टपं त्यांच्याच सांगण्यावरून चालली आहेत असं मला वाटे. सकाळच्या उन्हात खडूची धूळ तरंगत राही. त्या धुळीकडे पाहताना आपण वर्गात आहोत की वर्ग आठवतो आहोत, हे मला कित्येकदा कळत नसे.

मी तिथे कशी पोहोचले, ते थोडक्यात सांगते. मी गिरगावातली, संस्कृत घेऊन एम. ए. झालेली, भाषांतराची नोकरी करून निवृत्त झालेली. विज्ञान मी दहावीनंतर सोडलं, कारण पुढे तोंडी परीक्षा असते असं ऐकलं होतं. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझा घसा कोरडा पडतो. 'पदार्थविज्ञान, अगदी पहिल्यापासून, वयाची अट नाही' अशी पाटी मी वाचनालयात पाहिली, ती दोन-तीन महिने नुसतीच पाहत राहिले आणि एका रविवारी माडी चढले. जडत्व, त्वरण, संवेग या शब्दांचे धातू मला सांगता आले असते. त्या शब्दांमागच्या वस्तूंशी माझी कधी भेट झाली नव्हती.

नियमित येणारे आम्ही तिघंच. डिलाईल रोडवर पंखे-मिक्सर दुरुस्त करणारे राणे, परळच्या एका इस्पितळात परिचारिका असलेली रश्मी आणि मी. राण्यांची ठाम समजूत होती की लांबच्या तारेतून जाताना वीज दमते. सरांनी ती खोडली नाही. "दमते म्हणजे नेमकं काय होतं तिचं, राणे? घाम येतो?" असं विचारून त्यांनी राण्यांना आठवडाभर विचारात पाडलं.

सर उंच होते, मानेपाशी थोडे वाकलेले. पांढऱ्या बुशशर्टाच्या खिशात खडू ठेवायची सवय असल्यामुळे तो खिसा नेहमी बाकीच्या शर्टापेक्षा पांढरा दिसे. 'समजलं का?' असं त्यांनी कधी विचारलं नाही. 'पटलं का?' असं विचारत आणि कुणी चटकन 'हो' म्हटलं की चकित होऊन बघत. "इतक्यात? मला पटायला दोन वर्षं लागली हो." रस्त्यातून चालताना ते मध्येच थांबत. नळाच्या तोंडाशी लोंबणारा थेंब पडेपर्यंत उभे राहत. आणि तो पडला की समाधानाने पुढे निघत, जणू त्याला निरोप द्यायचा राहिला होता.

पहिल्या काही आठवड्यांतली त्यांची एक चूक माझ्या मनात घर करून राहिली आहे. चेंडू वर फेकून झेलत ते म्हणाले, "सर्वांत उंच ठिकाणी हा क्षणभर थांबतो. त्या क्षणी वेग शून्य." मग फळ्याकडे वळून, "आणि अर्थातच त्वरणही शून्य. म्हणजे वेगात बदल होणंही थांबलेलं."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. जे थांबलं ते थांबलं. राणे मात्र बाकावरून उठलेच.

"ओ सर, मगे तो खाली कित्याक येता? थंयच ऱ्हवांदे!"

सर वळले तेव्हा त्यांचा चेहरा एखाद्या मुलासारखा फुलला होता. "शाब्बास, राणे! थांबलाय तो, पण सुटलेला नाहीये. त्याला खाली ओढणारी ओढ त्या क्षणीही तेवढीच आहे."

त्या दिवशी मी परळहून नायगावपर्यंत उगाच चालत गेले. तिथे एका बांधकामापाशी खालचा मजूर विटा वर फेकत होता आणि माळ्यावरचा झेलत होता. झेलणारा हिसका मारत नव्हता की ओंजळ ताठ करत नव्हता. वीट वर येऊन हवेत थबकायची आणि तो ती फळीवरून उचलावी तशी अलगद उचलून घ्यायचा. एकेक वीट थबकत होती, आणि प्रत्येक वेळी मी श्वास धरत होते. घरी पोहोचायला मला फार उशीर झाला.

चुकांविषयी सर किती काटेकोर होते, ते मला एका सोमवारी कळलं. दार वाजलं म्हणून उघडलं तर सर दारात. तीन जिने चढून आल्यामुळे धाप लागलेली.

"करंदीकर बाई, काल वर्ग सुटल्यावर जिन्यात मी तुम्हांला म्हणालो, लंबकाला जड गोळा लावला तर तो सावकाश झुलेल. तसं नाही. गोळा जड असो की हलका, तेवढाच वेळ लागतो. मी घाईत बोललो."

माझी आई आतून बाहेर आली होती. तिने त्यांना बसवलं, चहा दिला आणि न राहवून विचारलं, "एवढ्यासाठी आलात, मास्तर? फोन नाही का करायचा?"

"फोनवर त्या 'हो सर' म्हणाल्या असत्या," सर म्हणाले. "समोर असलं की पटलं की नाही ते दिसतं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वर्गात ठेवतो ती चूक माझी पाळलेली असते. ही मोकाट सुटली होती. कुणी माझ्याकडून चुकीचं शिकून घरी गेलं, की मला चैन पडत नाही."

चहा संपवून ते डिलाईल रोडला निघाले. जिन्यात राणेही होते ना.

या चैन न पडण्याचं मूळ त्यांनी एकदाच, खालच्या टपरीवर कटिंग पिताना, सांगितलं. ते वाढले नायगावच्या बीडीडी चाळीत. वडील गिरणीत. "शाळेत एका मास्तरांनी मला चुकीचं सांगितलं. ते मी कॉलेजात जाईपर्यंत खरं धरून बसलो. मास्तरांना उलटं विचारायची आमच्या घरात छातीच नव्हती कुणाची. वडील म्हणायचे, मास्तर सांगतील ते खरं. त्यांनी जन्मभर मुकादम सांगेल ते खरं धरलं होतं. पुढे बुद्धविहारात जायला लागलो तेव्हा कळलं की सांगणारा कोण आहे ते बघून मान डोलवायची नसते." ग्लास ठेवून ते हसले. "म्हणून मी चुका ठेवतो. पदार्थविज्ञान तुम्ही विसराल. मास्तरला 'नाही' म्हणायची सवय राहिली तर माझं काम झालं."

रश्मी म्हणाली, "सर, आमच्या डॉक्टरांना म्हणून दाखवू का एकदा?"

"आधी नोकरी पर्मनंट होऊ द्या," सर म्हणाले.

दुसऱ्या वर्षी, पावसाळा सरल्यानंतर कधीतरी, फळ्यावर एकाऐवजी दोन चुका दिसू लागल्या.

प्रथम आम्हांला वाटलं की सरांनी खेळ अवघड केला आहे. पण एक चूक कुणी पकडली की ते नेहमीसारखे खूश होत आणि दुसरी तशीच राही. ती पुसायची राहून जाई. मग एका रविवारी त्यांनी आदल्या रविवारचाच धडा पहिल्यापासून, त्याच उत्साहाने, त्याच विनोदांसकट शिकवला. आम्ही त्या विनोदांना पुन्हा हसलो. रश्मी तेवढी हसली नाही.

टपरीवर ती म्हणाली, "हे वयाचं नुसतं नाहीये. मी वॉर्डात रोज बघते. टेस्ट करायला पाहिजे. त्यांच्या घरी कुणाला तरी सांगूया ना."

"काय सांगतलंस?" राणे जवळजवळ ओरडलेच. "सरांका जाऊन सांगूचा, की सर, तुमची बुद्धी चळली? तां माझ्याच्यान जमूचा नाय, गे बाय. त्यांनी माका या वयात शिकवल्यानी. असूंदे दोन चुका. एक धरूची, बाकीच्यो सोडून देवच्यो. तेंका कशाक कळता?"

रश्मीने माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या ग्लासात पाहिलं. गप्प राहण्याचा ठराव झाला की माझं मत नेहमीच बहुमतात असतं.

तेव्हापासून आम्ही दर रविवारी एकच चूक पकडू लागलो. ते प्रेमाने चाललं होतं, याविषयी मला आजही शंका नाही. पण वर्गातला वारा पडला. पूर्वी फळ्याकडे बघून आम्ही भांडत असू. आता एकमेकांकडे बघून ठरवत असू. जी चूक अगदीच ठळक, ती सरांनी ठेवलेली असणार, असा आमचा हिशोब होता.

तो हिशोब फसला. त्या दिवशी फळ्यावर वस्तूचं वजन किलोग्रॅममध्ये लिहिलेलं होतं. वजन हे बल आहे, ते न्यूटनमध्ये लिहायचं, हे सरांनीच आमच्या डोक्यात बसवलं होतं. आणि शेजारी, गतिमान वस्तूच्या ऊर्जेच्या सूत्रात, सुरुवातीचा 'अर्धा' हा गुणक गायब होता.

राणे म्हणाले, "सर, सूत्रातलो अर्धो खंय गेलो?"

सरांनी सूत्राकडे पाहिलं. मग आमच्याकडे. मग पुन्हा सूत्राकडे. खिडकीतून गाड्यांची टपं सरकत होती. "हो," ते म्हणाले. "अर्धा राहिला." त्यांनी तो लिहिला. शाब्बास म्हणाले नाहीत.

वर्ग सुटल्यावर त्यांनी कप्प्या आणि स्प्रिंगा ठेवायची पिशवी माझ्या हातात दिली. "बस स्टॉपपर्यंत चला, बाई."

रस्त्याच्या कडेने आम्ही चालू लागलो. मग गणित सोडवून दाखवावं तशा सुरात ते म्हणाले, "आज मी एक चूक ठेवली होती. वजनाची. ती कुणी धरली नाही. राण्यांनी धरली ती माझी नव्हती. म्हणजे फळ्यावर निदान दोन होत्या. वजनाची चूक तुम्हां तिघांनाही दिसू नये, हे शक्य नाही. तेवढं मी शिकवलंय. म्हणजे ती दिसूनही तुम्ही गप्प बसलात. म्हणजे हे आज पहिल्यांदा घडलेलं नाही. बरोबर?"

माझा घसा कोरडा पडला.

"पटतंय का ते सांगा. 'हो सर' नको."

"पटतंय," मी म्हणाले.

ते थांबले. तेव्हा मला वाटलं की ते रागावतील. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला राग म्हणता येत नव्हतं. त्या सोमवारी धापा टाकत दारात उभे होते, तेव्हा असंच काहीतरी होतं.

"मग किती जण माझ्याकडून चुकीचं शिकून घरी गेले असतील?"

"आम्ही तिघंच, सर. आणि आम्हांला ठाऊक होतं."

"आज ठाऊक होतं. उद्याच्या धड्यातलं तुम्हांला ठाऊक नसेल." त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. "बाई, माझी पट्टीच आता वाकडी झाली असेल, तर ती वाकडी आहे हे मी तिनेच कसं मोजू? मला बाहेरची पट्टी हवी. तुम्ही व्हा. दिसलं की सांगायचं, तिथल्या तिथे."

"मी? सर, रश्मीला सांगा. ती धीट आहे."

"रश्मी मला औषध सांगेल. राणे रडतील. तुम्ही वाक्य नीट बांधता." बस आली होती. पायरीवर पाय ठेवून ते म्हणाले, "आणि तुम्हांला बोलायची भीती वाटते. म्हणजे बोलाल तेव्हा ते उगाच नसेल."

तो आठवडा मी एकच वाक्य मनात रचत घालवला. किती आदरार्थी रूपं घालून पाहिली, किती काढली. रविवारी सर ध्वनीविषयी बोलत होते. कधीकाळी याच विषयाच्या वेळी त्यांनी आम्हांला जिन्याच्या लोखंडी कठड्याला कान लावून उभं केलं होतं आणि राण्यांनी तळमजल्यावरून त्यावर पाना वाजवला होता. आता आमच्याकडे तोंड करून, अगदी शांत चेहऱ्याने, ते म्हणाले, "लोखंडातून ध्वनी हवेपेक्षा सावकाश जातो."

ते फळ्याकडे वळले नव्हते. राण्यांनी मान खाली घातली. रश्मीने माझ्याकडे पाहिलं नाही, याबद्दल मी तिची ऋणी आहे.

"सर," मी म्हणाले. रचलेलं वाक्य कुठेच नव्हतं. "हे असं नाही."

उड्डाणपुलावर त्या क्षणी एकही गाडी नसावी. इतकी शांतता मला तरी आठवते.

"मग कसं आहे?" सरांनी विचारलं.

"वेगाने जातो. लोखंडातून. तुम्हीच ऐकवला होता आम्हांला."

सर किती तरी वेळ उभे राहिले. ते आठवण्याचा प्रयत्न करीत नव्हते, पडताळून पाहत होते, हे मला दिसत होतं. मग ते म्हणाले, "पटलं." आणि थोड्या वेळाने, राण्यांकडे बघून म्हणाले, "राणे, ही पाळलेली नव्हती बरं का. रडू नका."

राणे रडत होतेच. "मी खंय रडतंय? खडूची धूळ गेली डोळ्यांत."

त्यानंतरचे काही रविवार मला फार मोलाचे वाटतात. आम्ही सगळ्याच चुका धरू लागलो, मोठ्याने, भांडून, पुस्तकं उघडून. सर प्रत्येक वेळी सांगत, 'ही माझी' किंवा 'ही नाही'. कधी कधी सगळा तास एकाच ओळीत जाई. मी इतकं कधीच शिकले नव्हते. मग एका रविवारी रश्मीने एक चूक दाखवली तेव्हा सरांनी खडू खिशात ठेवला आणि ते खुर्चीवर बसले.

"ही मी ठेवली होती की माझ्याकडून झाली, ते मला सांगता येत नाही," ते म्हणाले. आवाज नेहमीचाच होता. "ते सांगता येत होतं तोवर मी शिकवलं. आता थांबायला पाहिजे."

"सर, आम्ही आहोत ना बघायला," रश्मी म्हणाली.

"तुम्ही आहात, म्हणून तर थांबता येतंय."

त्या दिवसानंतर वर्ग भरला नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यांच्या नव्या घरी. जुन्या चाळी पाडून नायगावात ज्या उंच इमारती उभ्या राहिल्या, त्यांतल्या एकीत बऱ्याच वरच्या मजल्यावर त्यांना जागा मिळाली होती. दार सुमनताईंनी, त्यांच्या पत्नीने, उघडलं. "या, या. नाव कदाचित घेणार नाहीत तुमचं," त्या हळूच म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका. माझं पण चुकवतात."

उन्हं उतरत आली होती. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत येऊन समोरच्या कोऱ्या भिंतीवर पडलं होतं. दुसऱ्या खिडकीपाशी सर उभे होते. त्यांनी मला नावाने हाक मारली नाही, पण हाताने जवळ बोलावलं, अगदी नेहमीच्या लगबगीने.

"ते बघा."

खाली शेजारच्या मोकळ्या जागेत एक क्रेन काम करत होती. तिच्या आडव्या हाताची लांब सावली मातीवर पडली होती.

"हाताची सावली आहे. हाताला दोर लटकतोय, तो दिसतोय तुम्हांला?"

"दिसतोय, सर."

"मग त्याची सावली कुठे आहे?"

मी पाहिलं. क्रेनच्या हाताची सावली होती, टोकाला लोंबणाऱ्या ओझ्याचीही होती. त्या दोहोंना जोडणारा दोर मातीवर कुठेच नव्हता. सावलीतलं ओझं कशालाही न टांगता जमिनीवरून तरंगत चाललं होतं.

"हे मला ठाऊक होतं," सर म्हणाले. "पक्कं ठाऊक होतं. शिकवलंही असेल. आता नाही ठाऊक." त्यांच्या आवाजात मी दुःख शोधलं. ते मला सापडलं नाही. "दुपारपासून बघतोय. काय मजा आहे, नाही?"

सुमनताईंच्या विणकामातला लोकरीचा एक धागा ओढून घेऊन ते उन्हाच्या भिंतीपाशी गेले. दोन्ही हातांत ताणून त्यांनी तो भिंतीला जवळजवळ चिकटवला. रेघ उमटली, काळी, स्वच्छ. मग ते एक पाऊल मागे आले. रेघ फिकी, जाड, विरघळल्यासारखी झाली. आणखी मागे आले, तशी ती नाहीशीच झाली. ताणलेला धागा हातांत होता आणि भिंतीवर नुसतं ऊन होतं.

ते पाहता पाहता माझ्या मनात उजेड पडू लागला. सूर्य म्हणजे एक टिंब नाही, चांगली रुंद तबकडी आहे. तिच्या या कडेचा आणि त्या कडेचा प्रकाश बारीक दोराच्या दोन्ही बाजूंनी वळसा घातल्यासारखा मागे येऊन मिळत असणार, आणि दोर पुरेसा दूर असला की सगळी सावली भरून काढत असणार. आजवर कुणी न सांगता मला कळलेली ही पहिलीच गोष्ट. माझा घसा कोरडा नव्हता.

"सर," मी म्हणाले, "मला वाटतं, सूर्य..."

"थांबा." त्यांनी मागे न बघता मान हलवली. "सांगू नका."

मी वाक्य तिथेच सोडलं. सुमनताईंनी चहा आणून ठेवला, तो निवला. निघताना मी दारातून वळून पाहिलं. धागा दोन्ही हातांत धरून सर पुन्हा भिंतीकडे चालले होते, एकेक पाऊल, आणि त्यांच्यासमोर उन्हात ती रेघ हळूहळू परत येत होती.